रानवाटेवरची पेटी : लेटरबॉक्सिंगचे तुमचे अनुभव लिहा

डोंगरातल्या झाडीच्या वाटांवर लेटरबॉक्सिंग करणाऱ्यांनी इथे मनमोकळं लिहावं. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : वाटेच्या आसपास कुणीतरी एक पाणी न शिरणारी छोटी पेटी लपवतं. आत एक वही आणि बहुधा हाताने कोरलेला रबरी शिक्का. संकेत वाचत तिथवर जायचं, पेटीतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का पेटीतल्या वहीत, आणि पेटी जशी होती तशी ठेवून निघायचं. बक्षीसबिक्षीस काही नाही.

याचं मूळ इंग्लंडमधलं डार्टमूर. १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडबाजूच्या दलदलीत एक बाटली ठेवली, तिथवर पोचणाऱ्याने आपलं कार्ड त्यात टाकावं म्हणून. पुढे लोक पत्ता घातलेली पोस्टकार्डं पेटीत ठेवू लागले आणि नंतर येणारा ती नेऊन पोस्टात टाकू लागला. अमेरिकेत हा नाद पसरला तो १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात आलेल्या लेखानंतर.

पण डार्टमूर हा उघडा माळ. तिथे लांबचे दोन-तीन खडकाळ माथे दिसतात, त्यांचे कोन होकायंत्रावर जुळवले की जागा सापडते. झाडीत वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. मग तुम्ही भरवसा कशावर ठेवता? माझं कुतूहल तेवढंच आहे. बाकी काय हवं ते लिहा.

*

दगडावर. झाडावर कधीच नाही. "दुभंगलेल्या खोडापासून उजवीकडे" असा संकेत लिहिणाऱ्याला ते झाड त्या क्षणी जगावेगळं वाटत असतं. दोन पावसाळे गेले की आजूबाजूला तशीच चार खोडं दुभंगलेली असतात आणि मूळचं आडवं होऊन शेवाळाखाली गेलेलं असतं. मोठी शिळा, वाटेचा फाटा, ओढा ओलांडायची जागा, जुन्या दगडी बांधाचा कोपरा या खुणा टिकतात. त्यातही पूल असेल तर जपून, पूल वाहून जातात आणि नवे थोडे बाजूला बांधले जातात.

*

होकायंत्राबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बरेच जण इथेच वैतागून सोडून देतात.

संकेतातला कोन चुंबकीय उत्तरेपासून मोजलाय की नकाशावरच्या, हे आधी पाहायचं. काही प्रदेशांत या दोन उत्तरांत दहा-पंधरा अंशांचा फरक असतो. दहा अंश चुकले तर शंभर मीटर चालल्यावर आपण साधारण सतरा मीटर बाजूला गेलेलो असतो, आणि दाट झाडीत सतरा मीटर म्हणजे वेगळंच जग. मोबाइल, चाकू, लोखंडी टोकाची काठी होकायंत्रापासून लांब धरा. आणि कोन धरून तंगडतोड करू नका : त्या रेषेतलं जवळचं एखादं खोड हेरा, तिथे पोचा, पुन्हा कोन लावा, पुढचं खोड हेरा.

पावलांचं गणित याहून वाईट. काही जण प्रत्येक पाऊल मोजतात, काही जण फक्त डावं पाऊल पडलं की एक धरतात. चढावर पाऊल आखडतं, उतारावर लांबतं. त्यामुळे मी पावलांचा आकडा अंदाजापुरता घेते आणि त्याच्या आगेमागे पेटी कुठे बसली असती ते बघत बसते.

*

वरच्या ताईंशी सहमत. शोधताना मी स्वतःला एकच विचारतो : मला इथे पेटी लपवायची असती तर हात कुठे गेला असता? उत्तर बहुतेक वेळा वाटेच्या विरुद्ध बाजूची कपार असतं. हात घालायच्या आधी मात्र काठी घाला. त्या अंधाऱ्या, कोरड्या, उबदार बिळाचं आकर्षण फक्त लेटरबॉक्सिंगवाल्यांनाच असतं असं नाही.

*

मी शिक्क्यांसाठी येते, डोंगर हा बहाणा. (घरचे म्हणतात उलट आहे.)

पहिला शिक्का साध्या खोडरबरावर कोरता येतो. चित्र मऊ पेन्सिलीने पातळ कागदावर काढायचं, कागद रबरावर पालथा ठेवून नखाने घासायचा. चित्र आपोआप उलटं उतरतं आणि छापताना सुलटं येतं. अक्षरं कोरणाऱ्यांनी ही पायरी गाळली की काय होतं ते पेट्यांमधल्या वह्यांत भरपूर बघायला मिळतं. कोरताना पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला कलतं धरा, म्हणजे रेघेचा पाया रुंद राहतो. पायाखालून पोखरलं तर ती रेघ काही छापांनंतर तुटते. हात वळवण्यापेक्षा रबर वळवा, वळणं गुळगुळीत येतात.

शाईची गादी स्वतःची न्या. पेटीत ठेवलेली एक तर वाळते नाहीतर वहीभर सांडते. रंगद्रव्याची शाई घ्या, ती वाळल्यावर ओल सोसते. साध्या रंगाची पाणी लागलं की फुटते. नोंद पेन्सिलीने करा.

एका कड्याखालच्या पेटीत मला फर्नच्या गुंडाळलेल्या कोंबाचा शिक्का मिळाला होता. नखाएवढ्या जागेत प्रत्येक पान वेगळं. आणि पेटीभोवती तेच फर्न उगवलेलं. कोरणाऱ्याने तिथेच बसून चित्र काढलं असणार. असा शिक्का मिळाला की शिखर गाठायची घाई उरत नाही, मी तिथूनच परत फिरले.

*

मुलांना नुसतं "चला डोंगरावर" म्हटलं तर पहिल्या चढालाच पाय दुखतात. हातात संकेताचा कागद दिला की आम्हाला मागे टाकून पळतात. बाकी माझं ज्ञान शून्य.

*

पेट्या ठेवणाऱ्यांच्या बाजूने चार शब्द, थोडे कडू.

जमीन कुणाची आहे ते आधी विचारा. राखीव जंगलं आणि राष्ट्रीय उद्यानांत बऱ्याच ठिकाणी परवानगीशिवाय काहीही ठेवता येत नाही. खड्डा खणू नका, जुन्या दगडी अवशेषांत पेटी खुपसू नका, आणि खूण म्हणून दगडांची उतरंड तर मुळीच रचू नका. धुक्यात एखादा वाटसरू तिला वाटेची खूण समजून भलतीकडे जाईल. खाऊचा जुना डबा वापरू नका. कितीही धुतला तरी वास राहतो आणि उंदरांना तो आपल्या आधी सापडतो.

आणि शोधणाऱ्यांनो, झाकण नीट लावा हो. पिशवीचा कोपरा झाकणात अडकला की त्या फटीतून पाणी आत झिरपतं आणि वहीचा लगदा होतो. वही एका पिशवीत, शिक्का दुसऱ्या पिशवीत, आतली हवा काढून. ठेवताना वरचा पाला-दगड पूर्वीसारखा करा. पुष्कळ जण सापडल्याच्या आनंदात पेटी उघड्यावर टाकून जातात. पुढे ती कुणीतरी कचरा समजून उचलतं आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा?

*

हिचहायकरबद्दल कुणीच लिहिलं नाही! मोठ्या पेटीत कधी कधी दुसरी चिमुकली वही आणि शिक्का असतो, तो फिरता. त्याचा छाप घ्यायचा आणि त्याला उचलून पुढच्या पेटीत नेऊन सोडायचं. मला ओढ्याकाठी सापडलेला एक मी पलीकडच्या खिंडीतल्या पेटीत न्यायचं ठरवलं. खिंडीत आधीच एक काका बसले होते, मांडीवर वही, बाजूला शाईची गादी. एकमेकांना काही विचारायची गरजच पडली नाही, आम्ही आपापले शिक्के काढले. वाटेत भेटलेल्याशी अशी शिक्क्यांची देवाणघेवाण झाली की तीही हिशेबात धरतात : ठेवलेल्या पेट्या, सापडलेल्या पेट्या, भेटी. काकांनी हिचहायकर हातात घेतला, वही चाळली आणि हसायलाच लागले. तो त्यांनीच सोडलेला होता. परत घेता का विचारलं तर म्हणाले, छे, घाला पेटीत, कुणाला तरी उतारापलीकडे नेऊ दे.

वरच्या पेटीवाल्यांना एक विचारायचं आहे. हिचहायकर आत ठेवल्यावर झाकण जेमतेम बसत होतं. अशा वेळी तिथेच सोडावा की मोठी पेटी मिळेपर्यंत जवळ बाळगावा?

*

जवळ बाळगा. झाकण आधी.