गावी घर बांधतोय: माणसं, सामान आणि पाऊस यांचं गणित कसं बसवावं?

चाकरमानी २.०

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात जुन्या घराच्या जागी ९०० चौरस फुटांचं चिरेबंदी (जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं) घर बांधतोय, वर स्लॅब. जोतं मागच्या उन्हाळ्यात झालं, एक पावसाळा खाऊन नीट बसलंय. आता भिंती, स्लॅब, गिलावा, लादी, रंग एवढं राहिलंय. मी पुण्यात आयटीत, महिन्यातून दोनदाच गावी जाणं होतं. साईटवर बाबा असतात (वय ७१, उत्साह २१).

गवंडी ओळखीतला. तो, त्याचा भाऊ आणि चार बिगारी. ऑफिसात बारा जणांची टीम सांभाळतो, म्हणून सवयीने एक्सेलमध्ये तक्ता केला. भिंती डिसेंबर ते फेब्रुवारी, मार्चमध्ये सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता साचा), ५ एप्रिलला स्लॅब, मेमध्ये गिलावा आणि लादी, २८ मेला वास्तुशांत. गवंड्याला प्रिंट दाखवली. त्याने बराच वेळ बघितली, "छान छापलाय" म्हणाला आणि घडी करून त्यावर तंबाखू मळली.

तक्त्यात नेमकं काय चुकलंय? आणि सगळं काम उक्तं (ठरलेल्या एकरकमी दराने) देऊन मोकळं व्हावं की रोजावर (रोजंदारीने) करून घ्यावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उंटावरून

तंबाखू मळली म्हणजे कागद उपयोगी पडला की. पुढील लेखनास शुभेच्छा.

ओळंबा

बावीस वर्षं साईटवर काढली आहेत, त्यातली नऊ रत्नागिरी जिल्ह्यात. तुमच्या तक्त्यात कामांचा क्रम बरोबर आहे, पण कोकणातला मार्च ते मे कुठेच दिसत नाही.

शिमगा धरलाय का? २०२६ ची होळी मार्चच्या सुरुवातीलाच आहे. पालखी घरोघर फिरायला लागली की आठ-दहा दिवस कोणी थापीला हात लावत नाही, आणि लावायला सांगूही नये. पुढे काजू, मग आंबा, मग लग्नसराई. तुमच्या गवंड्याची चार कलमं असली तर एप्रिलमध्ये तो आधी बागायतदार असतो. त्यातच पावसाआधी स्लॅब टाकायची साऱ्या तालुक्याला घाई, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू भाड्याने मिळता मिळत नाहीत. पाऊसही ७ जूनची वाट बघेलच असं नाही. २०२५ ला तर तो २५ मेलाच तळकोकणात उतरला. अर्ध्या गिलाव्यावर ताडपत्र्या धरून उभी असलेली माणसं मी बघितली आहेत.

म्हणून स्लॅब फेब्रुवारीच्या मध्यावर आणा. त्यात आणखी एक फायदा आहे. स्लॅब झाल्यावर टेकू लगेच निघत नाहीत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) किमान ७ दिवस, त्यापुढे १४, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमलाही १४. गावाकडे तीन आठवडे ठेवतात, ते चांगलंच आहे. त्या काळात आत टेकूंचं जंगल असतं, ना गिलावा होतो ना लादी. म्हणजे गवंडी रिकामा, आणि रिकामा हात दुसऱ्याच्या साईटवर जातो. तिथून तो परत कधी येईल ते ग्रामदेवतेलाच ठाऊक. १२-१५ फेब्रुवारीला स्लॅब टाकलात तर हेच रिकामे दिवस शिमग्यात जिरतात. माणसं पालखी नाचवतात, तोवर तुमचं काँक्रीट घट्ट होतं. मधल्या पंधरवड्यासाठी कठडा, बाहेरच्या चिऱ्यांच्या दर्जा (सांधे) भरणं, शौचालयाची टाकी अशी टेकूंची अडचण नसलेली कामं मुद्दाम मागे ठेवा.

चाकरमानी २.०

@ओळंबा, हे भारी आहे. पण मग जानेवारीअखेर भिंती संपायला हव्यात. अजून दोन गवंडी घेतले तर दुप्पट वेगाने होईल ना?

ओळंबा

नाही होणार. दोन गवंडी वाढले की त्यांना चिरा, माल आणि पाणी पुरवायला बिगारीही वाढवावे लागतात. शिवाय नवीन माणूस पहिले चार दिवस जुन्याच्या ओळंब्याला नावं ठेवण्यात घालवतो. तुमच्याच गवंड्याला विचारा, दिवसाला किती चिरे लावतोस? जो आकडा सांगेल त्याचा पाऊण धरा आणि एकूण चिऱ्यांना भागा. बाजाराचा वार वगळा, त्या दिवशी दुपारनंतर साईटवर फक्त कावळे असतात. तरीही जानेवारी ओलांडत असेल तरच एक गवंडी वाढवा, तोही आजच्या आपल्या गवंड्याच्या पसंतीचा.

आणि चिरे आत्ताच सगळे उतरवून घ्या. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागून कडक होतो. भिंतीत जाण्याआधी त्याला अंगणात पडून राहू देणं चांगलंच. सिमेंटचं मात्र बरोबर उलट. दोन-तीन आठवड्यांपुरतंच आणा, फळ्यांवर, भिंतीपासून लांब, दहा पोत्यांपेक्षा उंच थप्पी नको. तीन महिन्यांवरचं पोतं भरवशाचं नाही. "एकदम घेतलं तर दर कमी" म्हणून दुकानदार गळ्यात मारू बघेल. घेऊ नका.

परसदार

मी ओणीजवळ घर बांधलं, मिस्टर जहाजावर आणि मी एकटी साईटवर. दोन गोष्टी सांगते.

पहिली: विहीर. तुमच्या तक्त्यात सिमेंट आहे, स्टील आहे, माणसं आहेत, पाणी कुठे आहे? स्लॅबवर आळी (छोटे बांध) करून किमान दहा दिवस पाणी साठवून ठेवावं लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे घरात शेवाळ चढतं आणि एप्रिलमध्ये त्याच गावात कळशी बुडत नाही. मी ८ एप्रिलला स्लॅब टाकला आणि पुढचे बारा दिवस टँकरवाल्याच्या पाया पडत होते. एका दिवशी टँकर आलाच नाही, तेव्हा कोरड्या राहिलेल्या कोपऱ्यात अजून बारीक तडे आहेत. वर शेजारणीशी विहिरीवरून झालेलं भांडण मिटायला दोन गणपती गेले. तेव्हा आजच बाबांना दोरी सोडून पाणी मोजायला सांगा, आणि दर आठवड्याला भिंतीवर खडूने लिहायला.

दुसरी: हजेरीची वही. कोण आलं, अर्धा दिवस की पूर्ण, किती उचल दिली, कुठला माल उतरला. रोज संध्याकाळी, सगळ्यांच्या समोर. मी पहिला महिना लक्षात ठेवायचं म्हणून लिहिलं नाही आणि उचलीच्या हिशोबात चांगलीच बुडाले. कोणी फसवलं असंही नाही, माझ्याच डोक्यात गोंधळ झाला. एक्सेल तुम्ही पुण्यात भरा, बाबांना वही द्या. वहीच्या पानाचा फोटो रोज व्हॉट्सअ‍ॅपवर आला की झालं.

जाता जाता, १७ मेपासून अधिक महिना लागतोय, तो १५ जूनपर्यंत. २८ मेला वास्तुशांत करायला भटजी मिळाले तर मलाही कळवा.

चाकरमानी २.०

अरे देवा. अधिक महिना! आईने तारीख ऐकून "बघू" म्हटलं होतं, ते आत्ता समजलं.

जोत्यावरचा

माझं मत वेगळं. तुम्ही पुण्यात, वडील सत्तरीत. सरळ मटेरियलसकट उक्तं द्या, टप्प्याटप्प्याने पैसे द्या, डोक्याला ताप नको. रोजावर दिलं की काम लांबतंच, दिवस भरायचा असतो ना.

परसदार

@जोत्यावरचा, चिऱ्याची भिंत उक्ती दिलीत की दर्जा बोटभर जाड होतात आणि त्यात काय काय भरतात ते बघवत नाही.

ओळंबा

दोघांचंही अर्धं अर्धं खरं. मी असं करतो: भिंती आणि बाहेरच्या दर्जा रोजावर, कारण तिथे हात दिसतो. सेंट्रिंग, सळई बांधणी आणि स्लॅब उक्तं, कारण तिथे वेळ दिसतो. सामान मात्र स्वतःच्या नावावर. पैशांचे हप्ते तारखेला बांधू नका, कामाला बांधा: लिंटल (दारं-खिडक्यांवरची काँक्रीटची पट्टी) झाली, सेंट्रिंग उभं राहिलं, स्लॅब पडला. शेवटचा हप्ता टेकू काढल्यावर. उचल द्यावीच लागते, नाही म्हणून चालत नाही, पण झालेल्या कामाच्या पुढे जाऊ देऊ नका. मे महिन्यात उचल अंगावर असलेला माणूस फोन उचलत नाही.

स्लॅबच्या दिवसाबद्दल थोडं लांबण लावतो, कारण सगळी माणसं आणि सगळं सामान एकाच दिवशी लागणारा तो एकच दिवस. ९०० फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे पावणेचार ब्रास (३७५ घनफूट) काँक्रीट, बीम वेगळे. शंभराच्या आसपास पोती लागतील, नक्की आकडा इंजिनिअरकडून घ्या. मिक्सर, लिफ्ट, व्हायब्रेटर, पंधरा-वीस माणसं. तुमचे चार बिगारी पुरणार नाहीत, स्लॅबची गँग वेगळी असते आणि तिला पंधरा दिवस आधी सांगावं लागतं. व्हायब्रेटरची जादा नीडल आणून ठेवा, ती दुपारी बारालाच तुटते. डिझेल आदल्या दिवशी.

आणि हमखास विसरला जाणारा माणूस म्हणजे वायरमन. सळई बांधून झाली की काँक्रीट पडायच्या आधी त्याने पाईप आणि पंख्यांचे बॉक्स टाकायचे असतात. त्याला एकच दिवस मिळतो आणि नेमका तेव्हा तो सावंतवाडीला लग्नाला असतो. त्याची तारीख आधी पक्की करा, मग स्लॅबची. इंजिनिअरने सळई तपासायची तीही त्याच वेळी. तुमच्या महिन्याच्या दोन फेऱ्यांतली एक इथे वापरा.

उंटावरून

आणि स्लॅबच्या दिवसाचं जेवण? कोंबडी धरली का तक्त्यात?

परसदार

उंटावरून पहिल्यांदाच कामाचं बोलले. वीस माणसांचं जेवण बाबांच्या अंगावर टाकू नका, बचत गटाच्या बायकांना आधी सांगा. वार बघून. सोमवारी स्लॅब ठेवलात तर वीस जणांना वरणभात.

चाकरमानी २.०

कालच गावाहून आलो. अपडेट देतो.

गवंडी दिवसाला जितके म्हणाला त्याचा पाऊण धरून भिंती २९ जानेवारीला संपतायत. त्याच्या मेव्हण्याला जोडीला घेतोय, त्यानेच सुचवला. सेंट्रिंगवाल्याने फेब्रुवारी ऐकल्यावर भाडंसुद्धा कमी सांगितलं, तेव्हा त्याच्याकडे काम नसतं म्हणे. वायरमन १३ फेब्रुवारीला, स्लॅब १५ ला. गिलावा १५ मार्चनंतर, लादी एप्रिलमध्ये, रंग राहिला तर दिवाळीला. वास्तुशांत आई ठरवणार आहे, मी त्या रकान्यात फक्त "आई" लिहिलंय.

विहिरीत आज साडेअकरा फूट पाणी. बाबांनी खडूने लिहिलंय आणि खाली सही पण केली आहे.

एक राहिलं: १५ फेब्रुवारीला रविवार आहे. जेवण कोंबडीचं चालेल ना?

परसदार

त्या दिवशी महाशिवरात्र आहे हो.

चाकरमानी २.०

१६ ला सोमवार. १७ करतो. वायरमनला फोन लावतोय.