एक्टोडर्म बाहेरचा थर ना, मग मेंदू आत कसा गेला भो?

टीवाय_झुऑलॉजी
राम राम मंडळी. मी टीवाय बीएस्सीला आहे, जळगावला. परवा प्रॅक्टिकलला चिक एम्ब्रियो (कोंबडीच्या अंड्यातलं भ्रूण) होतं, हॅचरीतून फलित अंडी आणलेली (किराणावाल्याची चालत नाहीत, त्या कोंबड्यांनी कोंबडा बघितलेलाच नसतो). ३८ डिग्रीला १८ तास ठेवलेलं अंडं फोडलं तर बलकावर एक पांढुरकी चकती अन तिच्यावर मधोमध बारीकशी रेघ, बास. सर म्हणे ही प्रिमिटिव्ह स्ट्रीक, सगळं इथून सुरू होतं. मला तर नखाचा ओरखडा वाटला.
आता गोंधळ असा की पुस्तकात लिहिलंय एक्टोडर्मपासून चामडी होते अन मेंदू पण त्याच्यापासूनच. चामडी सगळ्यात बाहेर, मेंदू कवटीच्या आत, दोघं एकाच थराचे कसे काय? अन त्या पेशीला सांगतं कोण की तू चामडी हो अन तू मेंदू हो? पाठ करून लिहीन मी, पण डोक्यात काही घुसू नाही राहिलं. सोमवारी व्हायवा (तोंडी परीक्षा) आहे.

केळीवाला_रावेर
मी बारावी सायन्स करून बागेत घुसलो तो तिथलाच झालो, चुकलं तर सांभाळून घ्या. केळीचा पोंगा बघितला ना तू? नवीन पान सुरळी होऊन वर येतं अन मग उलगडतं. इथं त्याच्या बरोबर उलटं धर, आधी सपाट पान अन मग त्याची सुरळी. पानाची वरची बाजू सुरळीत आत जाते, तसा बाहेरचा थर आत गेला. बाकी आमची माय खुडूक कोंबडी टोपल्याखाली बसवून २१ दिवसात पिल्लं काढते, तिला कोणी व्हायवा विचारत नाही 😄

शिकवतो_धुळ्यात
पोंग्याचं उदाहरण झकास आहे भाऊ, उद्या वर्गात वापरतो. पण आधी त्या रेघेकडे येऊ, कारण ती समजली नाही तर पुढचं सगळं हवेत राहतं.
अंडं घातलं जातं तेव्हाच त्या चकतीत हजारो पेशी तयार असतात. वरचा थर एपिब्लास्ट, खाली पातळसा हायपोब्लास्ट. ऊब मिळाली की एपिब्लास्टच्या पेशी मधल्या रेघेकडे सरकायला लागतात अन तिथून खाली उतरतात, सारंगखेड्याच्या यात्रेत गर्दी एकाच गेटातून आत शिरते ना तसं. म्हणजे ती रेघ नाही, चालू गेट आहे, आपण बघतो तेव्हा फक्त थांबल्यासारखं वाटतं. जे पहिले उतरले ते तळाला जाऊन हायपोब्लास्टला बाजूला ढकलतात अन एंडोडर्म होतात, म्हणजे पुढे आतड्याचं अन फुप्फुसाचं अस्तर. मागून उतरलेले मधे थांबतात, ते मेसोडर्म, त्यातून स्नायू, हाडं, हृदय, रक्त. जे उतरलेच नाहीत, वरच राहिले, ते एक्टोडर्म. तिन्ही थर एकाच एपिब्लास्टची पोरं, हायपोब्लास्ट पिल्लाच्या अंगात येतच नाही. हे थर कोंबडीच्या अंड्यातच पहिल्यांदा नीट ओळखले गेले, १८१७ मध्ये, पांडर नावाच्या माणसाने.
अन हो, नोटोकॉर्ड म्हणजे मज्जारज्जू नव्हे!! तो मेसोडर्मचा दांडा, मज्जारज्जू त्याच्या वर तयार होतो. व्हायवात दरवर्षी पोरं इथंच आपटतात.

सिस्टर_शहादा
पोंगा चांगला आहे पण मला करंजी जास्त पटते. पोंगा नुसता गुंडाळलेला असतो, इथं तर पाठीवरच्या एक्टोडर्मच्या पट्टीच्या कडा उचलून एकमेकींना चिकटवायच्या असतात, करंजीच्या काठाला मुरड घालतो तशा, त्याची नळी होते अन तीच पुढे मेंदू अन मज्जारज्जू. अन मुरड कुठे सुटली तर काय होतं ते तेलाची कढई बघितलेल्या बाईला सांगायला नको. खालच्या बाजूला सुटली तर स्पायना बायफिडा (पाठीचा कणा उघडा राहतो), डोक्याकडे सुटली तर मेंदू अन कवटी नीट होतच नाही, ते बाळ वाचत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत दोन्ही बघितलंय, त्यावर जास्त लिहीत नाही.
पण एक हिशोब सांगते, इथं पोरी पण वाचत असतील. माणसाच्या बाळात ही मुरड गर्भ राहिल्यापासून २८ दिवसात पुरी होते. पाळी चुकते तेव्हा त्यातले दोन आठवडे गेलेले असतात, मग बाई आठवडा दोन आठवडे वाट बघते, मग सासूला सांगते, मग नाव नोंदवायला येते, तोवर करंजी तळून झालेली असते. म्हणून फॉलिक ॲसिड आधीपासून लागतं, रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या निदान महिनाभर आधी. ज्यांना आधी असं बाळ झालंय त्यांच्यात ४ मिलिग्रॅम देऊन मोठी चाचणी झाली होती, १९९१ ला निकाल आला, पुन्हा तसं बाळ होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी. त्यांचा डोस वेगळा, तो डॉक्टरला विचारूनच, मनाने नको.

शिकवतो_धुळ्यात
सिस्टर, करंजी मान्य, एकच दुरुस्ती. करंजी बंद झाली की तिथंच संपते. इथं नळी बंद झाल्यावर वरच्या चामडीपासून सुटी होऊन खाली जाते अन तिच्यावरून चामडीच्या दोन्ही कडा परत जुळतात. म्हणून मेंदू आत, चामडी बाहेर. केळीवाल्या भाऊंची वरची बाजू कुठे गेली म्हणाल तर ती आजही मेंदूतल्या पोकळ्यांच्या अन मज्जारज्जूतल्या बारीक नळीच्या आतल्या भिंतीला आहे. एकेकाळी जगाकडे तोंड करून असलेली बाजू!
आता सांगतं कोण. १९२४ ला जर्मनीत हिल्डे मँगोल्ड अन तिचे सर हान्स श्पेमान यांनी पाणसरड्याच्या, म्हणजे न्यूटच्या भ्रूणातला एक इवलासा तुकडा (ज्या फटीतून पेशी आत उतरतात तिचा वरचा ओठ) काढून दुसऱ्या जातीच्या न्यूटच्या भ्रूणाच्या पोटाकडे बसवला. तिथं दुसरं जवळपास अख्खं भ्रूण उगवलं. एका जातीचा रंग फिका, दुसरीचा गडद, म्हणून कळलं की नवा मेंदू बहुतेक सगळा यजमानाच्याच पेशींचा, ज्या नाहीतर पोटाची चामडी झाल्या असत्या. प्रयोग करणारे हात हिल्डेचे. ती त्याच वर्षी घरात भाजून गेली, २५ वर्षांची होती. नोबेल १९३५ ला सरांना.
मग सगळे त्या तुकड्यातलं 'मेंदू हो' म्हणणारं रसायन शोधायला लागले अन वेड लागायची पाळी आली, कारण मेलेला तुकडा ठेवला तरी मेंदू, मिथिलीन ब्लू टाकलं तरी मेंदू. १९८९ च्या सुमारास बेडकाच्या एक्टोडर्मच्या पेशी नुसत्या सुट्या करून ठेवल्या तर त्या कोणी न सांगता चेतापेशी झाल्या. म्हणजे प्रश्नच उलटा होता रे! त्या पेशी मुळात मेंदूच व्हायला निघालेल्या असतात. शेजारीपाजारी सतत एकमेकांना 'चामडी हो, चामडी हो' ओरडत असतात, त्या ओरड्याचं नाव बीएमपी, ते एक प्रथिन. अन तो जादूचा तुकडा नॉगिन, कॉर्डिन अशी प्रथिनं सोडतो, ती बीएमपीला वाटेतच धरतात. पाठीकडे ओरडा पोचत नाही, तिथं मेंदू. कोंबडीत एवढ्यावरच भागत नाही, एफजीएफ नावाचा निरोप पण लागतो, तेवढं व्हायवात बोललास तर बाहेरचे सर वर बघतील.

टीवाय_झुऑलॉजी
सर म्हणजे चामडी व्हायला सांगावं लागतं अन मेंदू व्हायला नाही?? हे आमच्या नोट्समध्ये कुठंच नाही. सिस्टर, करंजीचं वहिनीला वाचून दाखवलं, ती विचारू राहिली गोळी कुठे मिळते.
अन सर, व्हायवाला स्लाइड दिली तर २४ तासाची का ३३ तासाची हे कसं ओळखू? मला दोन्ही सारख्याच दिसतात.

सिस्टर_शहादा
उपकेंद्रात विचार म्हणावं, नाहीतर आशाताईंना. लाजायचं काय त्यात.

शिकवतो_धुळ्यात
तास बघू नको, सोमाइट मोज. नळीच्या दोन्ही बाजूला चौकोनी ठोकळ्यांच्या जोड्या दिसतील. चार-पाच जोड्या अन डोक्याकडची घडी अजून उघडी, तर २४ च्या आसपास. दहा-बारा जोड्या, मेंदूचे फुगे दिसताहेत अन हृदय उजवीकडे किंचित फुगलंय, तर ३३. स्लाइड उलटी ठेवलेली असेल तर हृदय डावीकडे दिसेल, तेवढं बघून घे.