नवं बोरिंग बंद, जुनं चालू: पेयजल कायदा इंदुरात नेमकं कोणाचं पाणी राखतो?

मालव्यातला मराठी (चर्चा सुरू करणारा)

मार्च आला की आमच्या इंदूर जिल्ह्यात आदेश ठरलेला. जिल्हा 'जलअभावग्रस्त', खाजगी बोरिंग बंद. २०२५ सालीही निघाला होता, १५ जूनपर्यंतचा. आधार मध्य प्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम, १९८६. परवानगीवाचून खोदलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजार दंड, किंवा दोन्ही. बोरिंगची गाडी सापडली तर जप्त.

मला हा कायदा पाणी राखणारा वाटत नाही. ज्यांच्या हाती पाणी आधीच आहे त्यांना तो राखतो. सांवेरकडे आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे, बटाईने दिलेली. तिथे एका बांधावर आठशे फुटांचं जुनं बोरिंग आहे, त्यावर भर मे महिन्यात उन्हाळी मूग उभा असतो. शेजारच्याचं दोनशे फुटांचं आटलं, तर त्याने एसडीएमकडे, म्हणजे प्रांताधिकाऱ्याकडे, अर्ज घेऊन उभं राहायचं. आठशेवाल्याच्या उपशाला ना मीटर, ना हिशोब. म्हणजे जो आधी पोचला त्याचं राज्य, आणि त्याच्या दाराला पहारा सरकारचा.

कायदा रद्द करा असं मी म्हणत नाही. पण बंदी घालायची तर उपशावर घाला. नुसत्या खोदण्यावर कशाला?

क्षिप्रेकाठचा

भिया, बटाईने जमीन देऊन शहरात राहणाऱ्यांना उपशाचा हिशोब फार सुचतो.

आठशे फूट खोदलं ते काय सरकारच्या पैशाने? कर्ज आमचं, मोटर आमची, आणि पाणी लागलं नाही तर बुडालो तेही आम्हीच. २०२४ मध्ये उघड्या बोरिंगचा नवा कायदा आला. कोरडं गेलेलं बुजवलं नाही तर १० हजारांपर्यंत दंड, पुन्हा चूक केली तर २५ हजारांपर्यंत. तो ठीक आहे, लेकरं पडून मरतात, बुजवायलाच पाहिजे. पण एक सांगा, भरल्या बोरिंगवर हक्क सांगायला सगळा गाव येतो, कोरड्याचा खर्च वाटून घ्यायला कोण येतं?

वर हाच १९८६ चा कायदा म्हणतो की गरज पडली तर कलेक्टर तुमचं खाजगी बोरिंग पिण्याच्या पाण्यासाठी ताब्यात घेऊ शकतात. शहराला ७० किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदा चढवून आणायची, १९७८ पासून आणताय, आणि आम्हाला काय, तर आदेश! बायपासपलीकडे शेतं मोडून कॉलन्या झाल्या, तिथे प्लॉटागणिक बोरिंग आहे. ती मोजा आधी.

वकिली पेशा

'आमचं पाणी' याला कायद्यात आधार आहे, नाही असं नाही. भारतीय सुखाधिकार कायदा, १८८२, कलम ७. आपल्या जमिनीखालचं, ठरावीक पात्रातून न वाहणारं पाणी काढून घ्यायचा हक्क जमीनमालकाला आहे. देशभरातले वाद फिरून याच ओळीवर येतात.

पण त्याची दुसरी बाजू बघा. हाच हक्क तुमच्या शेजाऱ्यालाही आहे. उद्या त्याने हजार फूट मारून तुमचं आठशेचं कोरडं केलं, तर तुम्ही कोर्टात काय मागणार? जवळजवळ काहीच नाही. ज्याची मोटर मोठी त्याचा हक्क मोठा, असा हा हक्क आहे. १८८२ मध्ये मोटेने पाणी काढत, तेव्हा त्याने कोणाचं फारसं बिघडत नव्हतं.

केरळात प्लाचीमडाच्या शीतपेय कारखान्याच्या खटल्यात २००३ साली एका न्यायमूर्तींनी भूजल ही जनतेची ठेव मानली. २००५ मध्ये त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जमीनमालकाचा हक्क उचलून धरला. तेव्हा दोन्ही बाजूंनी 'कायदा आमच्याकडे आहे' असं छातीठोक सांगू नये.

निवृत्त पीएचईवाला

माझी सगळी नोकरी पीएचईत, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्यात, हँडपंपांवर गेली, म्हणून लिहितो.

मालकाचा हक्क, शेजाऱ्याचा हक्क, इतकं सगळं झालं. पण ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचं काय? गावातल्या मजुरांच्या वस्तीत एक सरकारी हँडपंप असतो. आजूबाजूला चार नवी बोरिंगं झाली की मे महिन्यात पहिला दम तोच तोडतो. कलम ७ मध्ये त्या बाईला काही नाही, कारण तिच्या नावावर खसरा, म्हणजे जमिनीची नोंद, नाही. १९८६ चा कायदा तिच्यासाठी आहे. नावातच पेयजल आहे, सिंचन नाही. सरकारी योजनेच्या बोरिंगना बंदीतून सूट असते तीही त्याचसाठी.

आणि मालव्याखाली काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. नव्या बोरिंगने नवं पाणी तयार होत नाही, बहुतेक वेळा शेजारच्या भेगेतलंच ओढलं जातं. जमिनीत मुरतं त्याहून जास्त उपसणाऱ्यांत इंदूर जिल्हा मोडतो.

उपशावर बंदी घाला म्हणणं सोपं आहे. बोरिंगची गाडी रस्त्यावर दिसते, तहसीलदार ती अडवू शकतो. रात्री दोन वाजता कोणाची मोटर चालू आहे हे बघायला तो शेताशेतात जाणार का? जे पकडता येतं त्यावरच बंदी घातली आहे.

मालव्यातला मराठी

काका, मजुरांच्या वस्तीचा मुद्दा मान्य. पण तो हँडपंप आटवणारी चार बोरिंगं तर तुमची बंदी उठल्यावर १६ जूनला होतात! वर्षातले तीन महिने गाडी अडवायची आणि नऊ महिने मोकळी सोडायची, यात त्या बाईचं पाणी कसं राखलं जातं?

वरुडची आत्या

मी मूळची इंदूरची, सासर संत्र्याच्या मुलखात. आमच्या महाराष्ट्रात २००९ चा भूजल कायदा आहे, २०१४ मध्ये लागू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर-बोअर घ्यायला मनाई. वाचायला फार छान. वरुड-मोर्शीकडे येऊन विचारा, बागा कोणत्या खोलीवर जगल्यात ते. कायदा कागदावर कडक केला की तो मोडायचा भाव वाढतो, दुसरं काही होत नाही.

देवासची लेक

१९९० मध्ये देवासला पिण्याचं पाणी इंदूरहून रेल्वेने आणलं होतं. आमच्या घरी अजून तो विषय निघतो.

पुढे त्याच जिल्ह्यात २००६ च्या सुमारास कलेक्टर उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना सांगितलं, जमिनीचा दहावा हिस्सा तलावाला द्या. सुरुवात मोठ्या शेतकऱ्यांपासून केली. टोंकखुर्दच्या बाजूला एकेका गावात डझनांनी तलाव झाले, बोरिंगवरचा भार उतरला. त्याला ना बंदी लागली, ना जप्ती. राज्याची शेततळ्यांसाठीची बलराम तालाब योजना त्यानंतर, २००७ ची. मग इंदूरला आदेशच का सुचतो?

क्षिप्रेकाठचा

ताई, चाळीस बीघेवाला चार बीघे तलावाला देतो आणि त्याचा फोटो छापून येतो. माझे सहा बीघे, त्यातले बारा बिस्वे (वीस बिस्व्यांचा एक बीघा) पाण्याखाली घालून मी लसूण कुठे लावू? आणि पाऊस कमी झाला की बरेच जण तो तलाव बोरिंगनेच भरतात, तेही लिहा.

कृषी महाविद्यालयाजवळ

सगळे पाण्यावर बोलताय, पिकावर कोणी बोलत नाही.

जुन्या मालव्यात खरिपात बरीच जमीन पडीक ठेवत. काळ्या मातीत पावसाची ओल धरून राही आणि त्या ओलीवर गहू-हरभरा निघे, काठिया गव्हाला तर वरचं पाणी नावालाच. मग सोयाबीन आलं. खरिपात पैसा मिळू लागला, पण धरलेली ओल त्यात गेली. मागून येणारा गहू पाणी मागू लागला, आणि तिथून बोरिंगचा सपाटा सुरू झाला. पेयजल कायदा १९८६ चा, आणि सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या इंदुरात आलं १९८७ मध्ये. एका हाताने उपसा वाढवणारी पीकपद्धती, दुसऱ्या हाताने बोरिंगबंदी. आता तर मूग हे तिसरं पीक.

शेतकऱ्याला दोष देत नाही. बाजार जे मागतो ते तो लावतो.

सुदामानगरी

एकेका घरातून तीन-तीन पोती लोकवन गहू भरून ठेवणारे आपणच. पुढे चालू द्या.

मालव्यातला मराठी

पीकपद्धती बदलायला वीस वर्षं लागतील, तोवर काय?

मला सुचतं ते असं. शेतीच्या विजेचे फीडर, म्हणजे वीजवाहिन्या, वेगळे आहेत, वीज १० तासांच्या हिशोबाने दिली जाते. जलअभावग्रस्त जाहीर झालेल्या गावात एप्रिल ते जून फक्त त्या फीडरचे तास कमी करा, गावाच्या नळयोजनेचा पंप दुसऱ्या फीडरवर राहू द्या. शेताशेतात तहसीलदार नको, जप्ती नको. जुन्या आणि नव्या बोरिंगला एकच नियम. मुगाचं नुकसान होईल, त्याची भरपाई सरकारने आधी जाहीर करावी, पेरणीच्या आधी.

निवृत्त पीएचईवाला

तास कमी केले की लोक मोटरचा एचपी वाढवतात. पाहिलंय. पण भरपाई आधी, हे बरोबर. त्याशिवाय कोणतंही सरकार फीडरला हात लावणार नाही.

क्षिप्रेकाठचा

भरपाई पेरणीआधी हातात पडणार असेल तर फीडरचं बोलू, मी पंचायतीत विषय मांडायला तयार आहे. मात्र त्याच दिवशी शहरातही मोजणी सुरू झाली पाहिजे. १४० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या घरांना छताचं पाणी जमिनीत मुरवणं सक्तीचं आहे ना? मालव्यातला मराठी, तुमच्या गल्लीत किती घरांनी पाइप खाली सोडलाय, तेवढं सांगा. नंतर माझ्या मोटरकडे या.