लटकणाऱ्या टॅसल फर्नची टोकं करपताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, फोंड्याला फ्लॅटमध्ये राहतो, दुसरा मजला. गेल्या श्रावणात एका नर्सरीतून टॅसल फर्न आणलं, नावात फर्न असलं तरी ते नेचं नव्हे, क्लबमॉस (बीजाणूंवर वाढणाऱ्या वनस्पतींचा वेगळा गट) आहे, फ्लेगमॅरियुरस स्क्वॅरोसस, जुन्या लेबलवर ह्युपर्झिया लिहितात तेच. रानात झाडांच्या फांद्यांवर शेवाळात राहणारं. माझ्याकडे वीत-दीड वीत लांबीच्या सहा शेंड्या आहेत, पुढे दोन-दोन फाटे फुटलेल्या, लांबून बाटली धुवायच्या ब्रशासारख्या दिसतात. चतुर्थीला आई म्हणाली माटोळीलाच (गणपतीवर टांगतात ती रानफळा-पानांची चौकट) बांधूया, कसंबसं वाचवलं.

पावसाळाभर बाल्कनीत मजेत होतं. दिवाळीनंतर तिथे दुपारचं ऊन यायला लागलं म्हणून हॉलमध्ये आणलं, खिडकीपासून दोन फुटांवर, आणि त्याच वेळी कुंडी काढून घरच्या नारळाच्या सोडणात बांधलं, फुकटात मिळतंय तर विकत कशाला घ्या. आता मार्च उजाडला आणि टोकं तपकिरी, कडक झालीत, काल एक शेंडी बुडाशी चिमटीत धरली तर साल सुटून हातात आली आणि आत काळं. रोज नळाचं पाणी फवारतो. मध्ये डीएपी खताचे चार दाणेही टाकलेत (ओरडू नका).

पाणी कमी पडतंय की जास्त? आणि चांगली टोकं कापून लावली तर जगतील का? बिया तर याला नसतातच, आणि बीजाणूपासून म्हणजे बुरशीची साथ मिळून रोप दिसायलाच कितीतरी वर्षं, तेवढा धीर नाही.

प्रतिसाद १
ओरडणार होतो 😄 डीएपी आधी वेचून काढा. याची मुळं थोडी आणि नाजूक, क्षार अजिबात सोसत नाहीत. सोडण धुतलं होतं का? ताज्या सोडणात क्षार असतात, त्यात वर नळाचं पाणी आणि खत, टोकं करपणारच. बुडाशी काळं म्हणजे मात्र कूज, सोडण सतत ओलंगच्च राहिलं असणार. काळ्याच्या वरून, हिरव्या भागात स्वच्छ ब्लेडने कापा, ती शेंडी ओल्या स्फॅग्नम मॉसवर (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) आडवी ठेवून दोऱ्याने हलकी बांधा. मुळं फुटायला काही महिने लागतील, रोज उचलून बघू नका. पंख्याखालून हलवा. उजेड भरपूर, ऊन नको.

मूळ धागाकर्ता
नाही हो, नुसतं वाळवलं होतं 🤦 आता झाड सोडवून सोडण बादलीत टाकलंय, तासाभरात पाणी कोऱ्या चहासारखं झालं! किती वेळा बदलू?

प्रतिसाद १
रंग उतरेपर्यंत, दोन-तीन दिवस सहज जातील. तोवर झाड मॉसमध्येच ठेवा. फवारायला पावसाचं पाणी सगळ्यात बरं.

मूळ धागाकर्ता
पाऊस जूनमध्ये! तोवर गावातल्या विहिरीचं चालेल का? कॅन भरून आणता येईल, शनिवारी जातोच आहे. सहापैकी चार शेंड्या अजून हिरव्या आहेत.