लॅम्डा(1405) आणि सिग्मा(1385) वेगळे होत नाहीत, मदत हवी आहे

हळदीबाजार (सांगली): एमएस्सीचा कणभौतिकीचा प्रोजेक्ट आहे: लॅम्डा(1405) आणि सिग्मा(1385) हे क्षणात फुटणारे दोन कण (कंसातला आकडा म्हणजे एमईव्हीमधलं वस्तुमान) वेगळे मोजायचेत. फोटॉन प्रोटॉनवर आदळतो, के-प्लस (केऑन नावाचा कण) बाहेर पडतो, त्याच्यावरून मिसिंग मास, म्हणजे उरलेल्या, न पकडलेल्या भागाचं वस्तुमान, काढलंय. आलेखात 1.4 जीईव्हीपाशी (1 जीईव्ही म्हणजे 1000 एमईव्ही) एकच टेकाड दिसतं. फिट, म्हणजे त्यावर बसवलेला वक्र, दर वेळी वेगळं उत्तर देतो. सोमवारी दाखवायचंय. काय चुकतंय?

मिरजजंक्शन: बीमची एनर्जी? क्षय कुठला? डेटा खरा की सिम्युलेशन? लॅम्डा(1405) तयार व्हायलाच साधारण 1.45 जीईव्हीचा फोटॉन लागतो.

वारणाकाठ: रूट (डेटा तपासायचं सॉफ्टवेअर) सोडा, पायथनवर या. माझं फिटिंग तिथेच सुटलं.

मिरजजंक्शन: फिटरचा दोष नाही हो. दोन शिखरांत अंतर 20 एमईव्ही, रुंद्या 36 आणि 50 च्या आसपास. कुठलाही फिटर गोंधळेल.

हळदीबाजार: सिम्युलेशन आहे, 2 ते 2.5 जीईव्ही. क्षयाचं काही बघितलंच नाही, फक्त के-प्लस.

मिरजजंक्शन: मग इथंच घोडं पेंड खातंय. सिग्मा(1385) सुमारे 87 टक्के वेळा लॅम्डा-पायॉनमध्ये (साधा लॅम्डा आणि पायॉन हा हलका कण) फुटतो. लॅम्डा(1405) ला आयसोस्पिन या क्वांटम अंकाच्या नियमामुळे ती वाट बंद, तो सिग्मा-पायॉनमध्येच जातो. आधी लॅम्डा-पायशून्यमध्ये (पायशून्य म्हणजे भार नसलेला पायॉन) सिग्मा(1385) मोजा, मग सिग्मा-पायॉनमधला त्याचा सुमारे 12 टक्के वाटा वजा करा. अमेरिकेतल्या जेफरसन लॅबच्या क्लास या प्रयोगगटानं असंच केलं आणि 2013 मध्ये तिन्ही सिग्मा-पायॉन चॅनेल (क्षयाच्या वाटा) छापले.

अजिंक्यतारा (सातारा): के-प्लसच का धरायचा, हे आधी पक्कं करा. फोटॉन आणि प्रोटॉनची स्ट्रेंजनेस (एक क्वांटम अंक, त्याची बेरीज इथं बदलत नाही) शून्य, के-प्लसची +1, म्हणून समोरच्या बॅरियॉनची (प्रोटॉनच्या जातीचा कण) -1. मुलं हा जमाखर्चच विसरतात.

हळदीबाजार: सर, ते माहीत आहे. मला सोमवार गाठायचाय.

 

वारणाकाठ: 1.85 जीईव्हीच्या वर सिग्मासोबत के-स्टारपण (के-पायॉनमध्ये फुटणारा कण) घुसतो. के-पायॉनच्या मासवर 892 एमईव्हीपाशी कट मारा, म्हणजे तेवढा डेटा गाळा.

मिरजजंक्शन: आंधळेपणानं मारू नका! त्या कटनं लॅम्डाच्या शिखराचाही लचका तुटतो, आणि आकार हाच तर सगळा मुद्दा आहे. के-स्टार फिटमध्येच घ्या.

वारणाकाठ: माझ्या प्रोजेक्टला कट चालला होता.

अजिंक्यतारा: सिग्माशून्य-पायशून्य घ्या की. आयसोस्पिन 1 आणि 1, दोघांचा तिसरा घटक शून्य, सिग्मा(1385) साठी बेरीज 1 हवी. तो क्लेब्श-गॉर्डन गुणक (अशी बेरीज कितपत जुळते ते सांगणारा आकडा) शून्यच येतो. सिग्मा(1385) तिथं पाऊल ठेवू शकत नाही.

हळदीबाजार: सर, हे सुटलंच होतं माझ्याकडून! रात्रभर बसले. के-प्लस आणि लॅम्डा फुटून येणारे प्रोटॉन, पाय-मायनस धरले. उरलेलं मास 135 एमईव्हीला आलं तर लॅम्डा-पायशून्य, त्याच्या वर गेलं तर सिग्माशून्यवालं, कारण सिग्माशून्य लॅम्डात फुटताना जास्तीचा फोटॉन देतो. टेकाड फुटलं! पण 1.52 ला आणखी एक बारीक टोक आहे. ते काय?

मिरजजंक्शन: लॅम्डा(1520). रुंदी 16 एमईव्हीच. काढू नका, रेझोल्यूशन (मोजणी किती बारीक भेद दाखवते ते) त्याच्यावर ताडून बघा.