बॉर्डर कोली मादी आयजीएसची कॅरिअर निघाली, आता काय?

प्रश्न : मादीच्या डीएनए रिपोर्टमध्ये आयजीएस (इमर्सलुंड-ग्रेसबेक सिंड्रोम, आतड्यात बी१२ न शोषलं जाणं) 'कॅरिअर' (जनुकाची एक प्रत बिघडलेली) आलंय. तब्येत ठणठणीत आहे. ब्रीडिंगमधून बाद करायची का? पिल्लांचे स्वॅब (टेस्टसाठी गालातल्या पेशींचा नमुना) कसे घ्यायचे?

प्रतिसाद १ : बाद कशाला? जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच हा आजार होतो. नर 'क्लिअर' (दोन्ही प्रती चांगल्या) असेल तर एकही पिल्लू आजारी निघणार नाही, सरासरी निम्मी कॅरिअर निघतील. नरही कॅरिअर असला तर मात्र दर पिल्लामागे २५ टक्के धोका, म्हणून मेटिंगआधी त्याचा रिपोर्ट हातात हवा.

टेस्ट जात बघून मागवा. बॉर्डर कोली आणि बीगल, दोघांतही बिघाड सीयूबीएन (CUBN) जनुकात, पण जागा निराळी. जायंट श्नाउझरमध्ये तर जनुकच दुसरं, एएमएन (AMN). बीगलची टेस्ट कोलीला लावली तर येणारं 'क्लिअर' बिनकामाचं.

प्रतिसाद २ : अंगावर पिणाऱ्या पिल्लाच्या तोंडात आईच्या पेशी सापडतात, मग रिपोर्ट पिल्लाचा की आईचा हेच कळत नाही. स्वॅबआधी तासभर आई आणि भावंडांपासून वेगळं ठेवा, खायलाही देऊ नका. स्वॅबचा ब्रश गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून घोळवा. नुसती लाळ नको, पेशी हव्यात. मग हवेत सुकवून कागदी पाकिटात. ओला ब्रश प्लॅस्टिकमध्ये कोंडला की जिवाणू वाढतात आणि डीएनए खराब होतो. पाकिटावर पिल्लाच्या मायक्रोचिपचा (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या) नंबर आधी लिहा, ब्रश नंतर उघडा. एका वेतातली पिल्लं अदलाबदल व्हायला क्षण पुरतो.

प्रश्नकर्ता : आणि एखादं पिल्लू वाढतच नसेल तर?

प्रतिसाद ३ : मग डीएनए रिपोर्टची वाट बघत बसू नका. रक्तातलं बी१२ तपासा, पण बी१२च्या पहिल्या इंजेक्शनच्या आधी. नंतरचा आकडा फसवा. लघवीत थोडं प्रोटीन दिसेल. आतड्यात बी१२ पकडून शोषणारा रिसेप्टर (पेशीवरचं प्रथिन) मूत्रपिंडातही असतो, म्हणून. किडनी बिघडली समजून पथ्याचं खाणं सुरू करू नका. पांढऱ्या पेशी कमी असतील तर टीएनएसचीही (ट्रॅप्ड न्यूट्रोफिल सिंड्रोम, पांढऱ्या पेशी रक्तात न उतरणं) टेस्ट सांगा, बॉर्डर कोलीत तोही आनुवंशिक आजार आहे.

बी१२ स्वादुपिंडाच्या ईपीआयमध्येही (पाचकरस कमी पडण्याचा आजार) घसरतं. त्यासाठी डीएनए टेस्ट नाही, उपाशीपोटी टीएलआय (स्वादुपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) करतात, आकडा फारच कमी आला म्हणजे ईपीआय.

आयजीएस ठरलाच तर बी१२ आयुष्यभर द्यावं लागतं. पण जेवायला तोंड फिरवणारं पिल्लू पहिल्या काही इंजेक्शनांतच ताटलीकडे धावायला लागतं.