कवचं विरघळली तरी खनिजं उरतात
प्रश्न असा की आर्क्टिक समुद्राच्या तळाच्या गाळात सूक्ष्मजीवांची चुनखडी कवचं अनेक थरांत विरघळून गेलेली असतात, मग जुनं हवामान कळणार कशावरून? खनिजांवरून! गाळ कुठून आला हे ती सांगतात. सायबेरियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्राच्या गाळात स्मेक्टाइट (चिकणमातीतलं एक खनिज) भरपूर, कारण येनिसेई नदी सायबेरियातल्या पुतोराना पठाराचा झिजलेला बसाल्ट तिथे आणून टाकते. (दख्खनच्या काळ्या मातीतही हेच खनिज.) कॅनडाकडून येणाऱ्या बर्फात मात्र डोलोमाइट (चुनखडीसारखं एक खनिज) असतो. मध्य आर्क्टिकच्या एखाद्या थरात डोलोमाइट एकदम वाढला, तर तेव्हा कॅनडातली हिमचादर तुटून हिमनग इथवर आले असावेत. बारीक चिकणमाती प्रवाहांबरोबरही पसरते, म्हणून मी भरड कणांवर जास्त विश्वास ठेवेन. २००४ साली मध्य आर्क्टिकमधल्या लोमोनोसोव्ह कण्यावर (समुद्राखालच्या डोंगररांगेवर) खोदकाम झालं, तेव्हा सुमारे ४.५ कोटी वर्षं जुन्या थरांतही बर्फाने वाहून आणलेले खडे मिळाले.